थोडं आभाळ येईल

मुलांनो, डोंगराच्या मागल्या अंगाला एक लहानसा माळ होता. या टोकाला टिटवी ओरडली, तर त्या टोकाचा ससा कान टवकारी, एवढाच त्याचा पसारा. मधून एक ओढा गेलेला. पावसाळा सरला की त्याच्यात नुसते गोटे आणि वाळू उरे. काठाने बोरी-बाभळी, करवंदीच्या जाळ्या आणि गुडघाभर गवत होते. वरच्या बाजूला उंच कडा होता, आणि त्या कड्यावर एक म्हातारे गिधाड राहत असे.

गिधाड कुणालाच आवडत नाही. मान बोडकी, चाल वेडीवाकडी, आणि पोट भरायचे ते मेलेल्या जनावरांवर. ते जिथे उतरते तिथून बाकीचे प्राणी मुकाट्याने उठून जातात. या गिधाडानेही जन्मभर तेच पाहिले होते. पण या माळावर मात्र वेगळे घडले होते. इथले प्राणी रोज त्याची वाट पाहत.

त्याचे कारण असे. ऊन तापले, हवा वर उठू लागली की गिधाड पंख पसरून निघे आणि चकरा घेत घेत इतके उंच जाई की खालून नुसता ठिपका दिसे. तिथून त्याला डोंगरापलीकडचा मुलूख दिसे. कुठे वावटळ उठली आहे, कुठे वणवा लागला आहे, वारा कुठून कुठे वळतो आहे, कोणता ढग नुसताच भटकतो आहे आणि कोणता पाणी घेऊन आला आहे, हे सगळे ते पाहून येई. मग ओढ्याकाठच्या वठलेल्या बाभळीवर बसून सांगे, "दुपारून वारा फिरेल. मावळतीकडची घरटी जपा." किंवा, "उद्या पहाटे धुकं दाटेल. सशांनो, ऊन येईपर्यंत बिळाबाहेर पडू नका." ससे, तित्तिर, खारी, साळुंक्या सगळे ऐकत, आणि त्याप्रमाणे आपला दिवस आखत. टिटवी तर रोज सकाळी बाभळीखाली येऊन उभी राही आणि विचारी, "आजोबा, आज काय म्हणतंय आभाळ?"

हा प्रश्न ऐकला की म्हाताऱ्याला बरे वाटे. पोट भरल्यावरही वाटत नसे इतके बरे वाटे.

एकदा माघ महिन्यात असे झाले, की गिधाडाला मावळतीकडे एक प्रचंड ढग दिसला. कापसाचा ढीग रचत जावा तसा तो वर वर चढत होता. कडा पांढऱ्याशुभ्र, पण पोट हिरवट काळे, साचलेल्या डबक्यासारखे. असा ढग गिधाडाने तरुणपणी एकदा पाहिला होता. ते तडक खाली आले आणि बाभळीवर बसायचीही वाट न पाहता ओरडले, "गारा येणार! जे असेल ते टाका आणि कड्याखालच्या कपारीत चला!"

त्या दिवसांत बोरे पिकून खाली पडत होती. माळावरच्या सगळ्यांनी त्या बोरांवर डोळा ठेवला होता. तरीही सगळे कपारीत गेले. दिवसभर दाटीवाटीने, उपाशी, एकमेकांचे पाय तुडवीत बसले. आणि ढग? तो डोंगराच्या पलीकडून वळला आणि निघून गेला. माळावर एक थेंब पडला नाही. संध्याकाळी सगळे बाहेर आले तेव्हा कुठून तरी आलेला शेळ्यांचा कळप बोरीखालची जमीन चाटूनपुसून गेला होता. एक बोर शिल्लक नव्हते.

माळावर एक कोल्हा होता. त्याची जीभ भारी तिखट. तो बोरीखाली उभा राहून म्हणाला, "चूक आपलीच. गिधाडाला विचारायला गेलो! रात्रंदिवस मढी हुंगणाऱ्याला आभाळात तरी दुसरं काय दिसणार?"

सगळे हसले. उपाशी पोटी हसले, त्यामुळे जरा जास्तच हसले. टिटवी हसली नाही. ती बाभळीखाली येऊन म्हणाली, "आजोबा, मनावर घेऊ नका. आभाळ काय कुणाच्या मुठीत असतं? उद्या या नक्की."

गिधाड आले. पण कोल्ह्याचे बोलणे त्याच्या मनात रुतून बसले होते. चुकल्याबद्दल कुणी रागावले असते तर ते त्याने सोसले असते. पण जन्मभर ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत आली, तिच्याकडेच कोल्ह्याने बोट दाखवले होते. आता रोज गिधाड उतरले की करवंदीच्या जाळीतून कोल्ह्याचा आवाज येई, "काय आजोबा, आज कुणाचं मरण काढलंत?" आणि पुन्हा हशा पिके.

हळूहळू गिधाड शब्द मोजूनमापून बोलू लागले. धुळीचे लोट दिसले तर म्हणे, "जरा वारा सुटेल." वणव्याचा धूर दिसला तर म्हणे, "लांब कुठेतरी काहीतरी जळतंय, आपल्याकडे यायचं नाही." आणि योगायोग असा, की त्या दिवसांत खरोखरच काही आले नाही. वणवा पलीकडेच विझला, वावटळी माळ चुकवून गेल्या. प्राणी खूश झाले. साळुंक्या म्हणाल्या, "आजोबा आता कसं छान सांगतात! ऐकलं की दिवस बरा जातो." कोल्हासुद्धा एकदा म्हणाला, "म्हातारा सुधारला हं." गिधाडाला ते ऐकून बरे वाटले. बरे वाटल्याचे वाईटही वाटले. पण ते थोडेसेच, आणि थोडाच वेळ.

फाल्गुन आला. पळस फुलले. ओढ्याच्या वाळूत, गोट्यांच्या आडोशाला टिटवीची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. गोट्यांच्याच रंगाची, हलली नाहीत तर दिसायचीही नाहीत. सशीणही आपल्या पिल्लांना पहिल्यांदाच उघड्या गवतात घेऊन आली होती. माळ कसा भरल्यासारखा वाटत होता.

त्या दिवशी गिधाड उंच गेले आणि मावळतीकडे त्याला तोच ढग दिसला. तसाच वर वर चढणारा, तसेच हिरवट काळे पोट. शिवाय या वेळी खालच्या तापल्या हवेतून मध्येच एक गार झुळूक त्याच्या पंखाखाली घुसली. ते वळले आणि झपाट्याने खाली येऊ लागले. पण माळ जसजसा जवळ येत गेला तसतसा त्याचा वेग कमी झाला. "मागच्या वेळीही असाच दिसला होता," त्याच्या मनात आले. "मागच्या वेळीही मी असाच धावत आलो होतो."

ते बाभळीवर बसले. सगळे जमले होते. जाळीच्या सावलीतून कोल्ह्याने मान वर केली. "बोला आजोबा. आज काय?"

गिधाडाने सगळ्यांकडे पाहिले. सशिणीची पिल्ले गवताच्या पात्यांशी खेळत होती. तित्तिर धुळीत लोळत होते. आकाश निळे, स्वच्छ होते. अशा उन्हात गारांचे नाव काढायचे म्हणजे हसूच होणार.

"दुपारी थोडं आभाळ येईल," गिधाड म्हणाले. "येईल आणि जाईल."

"झकास!" म्हणून कोल्ह्याने पाय ताणले. जो तो आपापल्या कामाला लागला.

टिटवी मात्र तिथेच घुटमळत राहिली. सगळे पांगल्यावर ती अगदी बाभळीच्या बुंध्याशी आली. "आजोबा," ती हळू आवाजात म्हणाली, "माझी पिल्लं अगदी कोवळी आहेत हो. ओढ्यातून कपारीपर्यंत न्यायची म्हणजे एवढा उघडा माळ ओलांडायचा. वाटेत ते मुंगूस असतं. उगीच नाही हलवणार मी त्यांना. पण थोडं आभाळ म्हणताना तुम्ही जरा थांबलात असं वाटलं मला. तुम्ही म्हणाल तर नेते. खरं सांगा, नेऊ का?"

गिधाडाने चोच उघडली. "ने," एवढेच म्हणायचे होते. एक अक्षर. तेवढ्यात त्याला जाळीतला कोल्हा दिसला. डोळे मिटून पडला होता, पण त्याचा एक कान इकडेच वळलेला होता.

"राहू दे," गिधाड म्हणाले. "कशाला पिल्लांना शिणवतेस?"

टिटवीचा चेहरा मोकळा झाला. "तुम्ही आहात म्हणून जिवाला घोर नाही बघा," ती म्हणाली आणि तुरुतुरु ओढ्याकडे गेली.

गिधाड कड्यावर जाऊन बसले. त्याला चैन पडेना. ढग वळेल, त्याने मनाला समजावले, मागच्या वेळी वळला तसा वळेल. थोडा वेळ थांबू, खात्री करून घेऊ, आणि नाहीच वळला तर खाली जाऊन सांगू. अजून वेळ आहे. असे म्हणत म्हणत दुपार कलली. वारा एकाएकी पडला. गवताचे पाते हलेना. साळुंक्या बोलायच्या थांबल्या. मग डोंगराच्या माथ्यावरून ढगाची काळी कड वर आली, आणि गिधाडाची खात्री झाली.

त्याने कड्यावरून झेप घेतली. पण ज्या उबदार हवेवर ते रोज तरंगत असे ती हवाच उरली नव्हती. समोरून बर्फासारखा वारा आला आणि त्याला कड्यावर परत आदळून गेला. ते ओरडले. गिधाडाला कसला आवाज! नुसती घरघर. ती वाऱ्याने तिथल्या तिथे गिळून टाकली.

मग गारा आल्या. आवळ्याएवढ्या, काही त्याहूनही मोठ्या. पळसाची फुले, पाने, डहाळ्या, सगळे खाली आले. गवत झोपले. गारांमागून पाऊस आला, आणि इतके दिवस कोरडा पडलेला ओढा डोंगरावरचे पाणी आणि बर्फाचे खडे घेऊन गढूळ होऊन धावत सुटला.

जसे आले तसे ते सगळे थांबलेही. ढगाआडून ऊन पडले. माळ पांढराशुभ्र झाला होता आणि कुठूनही आवाज येत नव्हता.

गिधाड खाली उतरले. सशिणीची पिल्ले गवतात होती तिथेच होती, पण आता ती हलत नव्हती. तित्तिरांपैकी निम्मे बोरीखाली पडले होते. टिटवी ओढ्याच्या काठावर होती. तिने पिल्ले पंखांखाली घेतली होती आणि सगळा मारा आपल्या पाठीवर झेलला होता. गारांतून पिल्ले वाचलीही होती. पण मागून पाणी आले, आणि पाण्यापुढे तिच्या पंखांचे काही चालले नाही. एक पाय ओढत ती पाण्याच्या कडेने खाली जाई, पुन्हा वर येई, आणि प्रत्येक गोट्यापाशी थांबून ओरडे. कारण तिची पिल्ले गोट्यांसारखीच दिसत ना!

कोल्हा जाळीतून बाहेर आला. त्याचे कपाळ फुटले होते. मेलेल्या तित्तिरांच्या मध्ये उभ्या असलेल्या गिधाडाकडे त्याने पाहिले. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"आलास?" तो म्हणाला. "ये. पान वाढलेलंच आहे. थोडं आभाळ येईल म्हणालास, म्हणून आम्ही उघड्यावर राहिलो. तुझी मात्र सोय झाली."

उरलेले सगळे गिधाडाकडे पाहू लागले. गिधाडाच्या मनात उत्तर तयार होते. तुम्हीच मला हसलात, म्हणून मी बोललो नाही, असे ते म्हणू शकले असते. ते खोटेही नव्हते. पण तेवढ्यात ओढ्यावरून टिटवीचा आवाज आला, आणि ते उत्तर त्याच्या घशातच विरले.

सशीण म्हणाली, "जा इथून."

गिधाड गेले. पुढचे कितीतरी दिवस ते उपाशी राहिले. खालून वास वर येत होता, पोटात आग पडली होती, तरी त्याने माळाकडे तोंड केले नाही. पण वास लांबवर गेला. दुसऱ्या डोंगरांवरची गिधाडे आली, माळावर उतरली आणि पोटभर जेवून गेली. खालून पाहणाऱ्याला सगळी गिधाडे सारखीच दिसतात. माळावरच्या प्रत्येकाने मनाशी धरले, की त्यांत आपला म्हाताराही होता. हे गिधाडाला कळले. सांगायला जावेसे त्याला फार वाटले. पण कोणत्या तोंडाने सांगणार, आणि सांगून पटणार कुणाला?

शेवटी एके सकाळी ते माळावर आले, ते चालत आले. टिटवीच्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून ते उडाले नाही. टिटवी ओढ्याकाठी एकटीच उभी होती. गिधाड बरेच अलीकडे थांबले.

"मला तो ढग दिसला होता," ते म्हणाले.

टिटवीने वळून पाहिले. "कधी?"

"सकाळीच. तू विचारलंस, त्याआधीच."

"मग?"

"वाटलं, पुन्हा चुकलो तर सगळे हसतील. तो कोल्हा ऐकत होता."

टिटवीने ओढ्याकडे पाहिले. ओढ्यात आता पुन्हा नुसती वाळू होती. मग ती म्हणाली, "हसले असते की, आजोबा. गारा आल्या नसत्या तर मीसुद्धा हसले असते. पिल्लांना घेऊन कपारीत बसले असते आणि तुम्हाला पोटभर हसले असते." तिचा आवाज फुटला. "मी तर तुम्हाला एकट्याला विचारलं होतं."

गिधाडाने मान खाली घातली. टिटवी रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. ती रागावली नाही, हेच त्याला सोसेना. त्या आठवड्यातच टिटवी लंगडत, उडत, डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात निघून गेली.

गिधाड मात्र माळ सोडून गेले नाही. ते पुन्हा रोज उंच जाऊ लागले आणि बाभळीवर येऊन बसू लागले. सुरुवातीला ऐकायला कुणीच येत नसे. तरी ते बोले, आणि आता जसे दिसले तसे बोले. "मावळतीला काळं दिसतंय. येईल असं मला वाटतं, पण चुकूही शकतो मी. पिल्लं असतील त्यांनी आडोसा धरावा." किंवा, "आज काही उमगत नाही. डोळे उघडे ठेवा." हळूहळू खारी येऊ लागल्या, मग तित्तिर. सशीण लांब, पाठ करून बसे, पण बसे. कधी कधी सांगितलेले चुके. मग कोल्हा हसे, त्याच्याबरोबर साळुंक्याही हसत, आणि गिधाड मुकाट्याने ऐकून घेई. "आज काय म्हणतंय आभाळ?" असे मात्र त्याला कुणीही विचारीत नसे.

वर्ष उलटून गेल्यावर चैत्रात एकदा गिधाडाला डोंगरापलीकडच्या खोऱ्याकडे सरकणारा ढग दिसला. माळाला त्याची भीती नव्हती. गिधाड क्षणभर घिरट्या घालत राहिले, आणि मग डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरले. तिथल्या नदीच्या वाळूत टिटवी होती. तिच्याभोवती नवी पिल्ले तुरुतुरु धावत होती.

गिधाडाला पाहताच टिटवीने पिल्लांना पोटाशी घेतले. गिधाड एका खडकावर लांबच बसले. "ढग दिसतोय," ते म्हणाले. "गारांचा असेल असं मला वाटतं. नक्की नाही सांगता येत. पण मी तुझ्या जागी असतो तर हललो असतो."

टिटवीने त्याच्याकडे पाहिले नाही. पण थोड्या वेळाने ती उठली आणि लंगडत लंगडत पिल्लांना काठावरच्या दरडीखाली घेऊन गेली. चढ कठीण होता. एक पिल्लू सारखे घसरत होते. गिधाडाला उठून जावेसे वाटले, पण आपण जवळ गेलो तर पिल्ले घाबरतील हे त्याला ठाऊक होते. ते बसल्या जागी बसून राहिले.

दुपार झाली, कलली. ढग खोऱ्याच्या तोंडाशी आला, तिथे विरळ होत गेला आणि विरून गेला. साधा शिडकावाही झाला नाही. टिटवीने बाहेर डोकावून पाहिले, पिल्लांना घेतले आणि आल्या वाटेने पुन्हा वाळूत उतरली. खडकाजवळून जाताना ती हसली नाही आणि थांबलीही नाही. गिधाडाने पिल्ले एक एक करून नीट पाहून घेतली. सगळी होती. मग ते उठले आणि उन्हे उतरायच्या आत डोंगर ओलांडायला निघाले.

तात्पर्य : संकटाची चाहूल ज्याला लागली, त्याने ती जशी लागली तशी सांगावी, आणि खात्री नसेल तर तेही सांगावे. अंदाज चुकला तर चार दिवस हसे होते. पण हशाला भिऊन गप्प राहिलो, तर त्याची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.